मागायला जाण्यापूर्वी

कुलगुरू म्हणून रुजू झाले तेव्हा निधी जमवणं हे माझं काम आहे असं मला वाटत नव्हतं. मी वनस्पतिशास्त्राची. तीस वर्षं वर्गात, प्रयोगशाळेत आणि रानावनातल्या अभ्याससहलींत गेलेली. कुलगुरूनं चांगले शिक्षक निवडावेत, अभ्यासक्रमांकडे लक्ष द्यावं, निकाल वेळेवर लावावेत, संशोधनाला बळ द्यावं, एवढंच चित्र डोळ्यांपुढे होतं. पैशाचं वित्त अधिकारी बघतील, असं गृहीत धरलं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात वित्त अधिकारी अंदाजपत्रक घेऊन समोर बसले. शंभरातले ऐंशीहून अधिक पगार आणि निवृत्तिवेतनात जात होते. उरलेल्यात वीज, पाणी, परीक्षा, डागडुजी, नियतकालिकांची वर्गणी. मी विचारलं, नवीन काही करायचं असेल तर? त्यांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथली रक्कम एखाद्या विभागाला वर्षभराची रसायनं घ्यायला कशीबशी पुरली असती.

"मॅडम, नवीन काही हवं असेल तर ते बाहेरून आणावं लागेल," ते म्हणाले. "आणि त्यासाठी तुम्हालाच जावं लागेल. मी गेलो तर लोक हिशेब विचारतील. तुम्ही गेलात तर विद्यापीठाबद्दल विचारतील."

ते गेल्यावर मी बराच वेळ बसून होते. कुणापुढे हात पसरायचा नाही, या संस्कारात मी वाढलेली. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं, पुढे १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं नाव मिळालं, हे मी विद्यार्थ्यांना कितीदा तरी सांगितलं होतं. १९२९ मध्ये, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, कर्वे संस्थेसाठी जगप्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान आणि मग आफ्रिका. मी हे थोर माणसाचं चरित्र म्हणून सांगत आले होते. ते कामाचं वर्णन आहे, संस्था चालवणाऱ्याच्या रोजच्या कामाचं, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

तरीही मी लगेच मागायला निघाले नाही. त्याला कारण एक नोंदवही.

विद्यापीठाला आधी कुणी काय दिलंय ते तरी बघावं, म्हणून मी लेखा विभागातून देणग्यांची नोंदवही मागवली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली वही. पहिली काही पानं शाईच्या सुबक अक्षरात, मधली बॉलपेनानं, शेवटी संगणकावर छापून चिकटवलेले तक्ते. एकूण ६३ निधी होते. शिष्यवृत्त्या, पारितोषिकं, सुवर्णपदकं, दोन व्याख्यानमाला, पुस्तकपेढी. प्रत्येकाचं मुद्दल बँकेत होतं आणि व्याज जमा होत होतं. मात्र १७ निधींपुढचा खर्चाचा रकाना गेली कित्येक वर्षं कोरा होता.

मी आणि कुलसचिव रोज संध्याकाळी तासभर बसून एकेका निधीची फाइल काढू लागलो. कारणं साधी होती आणि तेच जास्त लागलं. एका शिष्यवृत्तीचा विषय अभ्यासक्रमातून कधीच गेला होता. एका पारितोषिकाची रक्कम इतकी आटली होती की त्यात एक पुस्तकही येत नव्हतं, म्हणून विभागानं ते जाहीर करणंच सोडलं होतं. एका निधीच्या अटीप्रमाणे निवड ज्या समितीनं करायची ती समिती अस्तित्वात नव्हती. चार निधींची दानपत्रं सापडत नव्हती. कुणी पैसे खाल्ले नव्हते. एक कारकून निवृत्त झाला, दुसरा आला, फाइल कपाटाच्या मागच्या रांगेत गेली आणि देणाऱ्या माणसाचा हेतू तिच्याबरोबर गेला.

त्यात एक निधी माझ्याच विषयाचा होता. एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी अकाली गेलेल्या मुलीच्या नावानं दिलेला. वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातल्या एका मुलीला दरवर्षी अभ्याससहलीचा खर्च मिळावा, एवढीच इच्छा. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की, माझ्या मुलीला दोन सहलींना जाता आलं नाही, तेव्हा आमच्याकडे पैसे नव्हते. मी ज्या विभागात तीस वर्षं शिकवलं त्याच विभागाचा हा निधी. आणि त्या तीस वर्षांत सहलीचे पैसे नाहीत म्हणून मागे राहिलेल्या मुली मी पाहिल्या होत्या. त्यांची नावं मला आजही आठवतात. पैसे बँकेत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

त्या संध्याकाळी ठरवलं, हे १७ निधी मार्गी लागेपर्यंत नवा एक पैसाही मागायचा नाही. व्यवस्थापन परिषदेत काहींना हे पटलं नाही. सहा महिने वाया जातील, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. आधीच्या विश्वासाचा हिशेब देता येत नसताना नव्या माणसाच्या दारात कोणत्या तोंडानं उभं राहायचं?

देणगीचा हेतू बदलणं ही हलक्यानं घ्यायची गोष्ट नव्हे. विद्यापीठाला सोयीचं वाटलं म्हणून एका कामाचे पैसे दुसरीकडे वळवता येत नाहीत. देणारा हयात असेल तर त्याची लेखी संमती घ्यायची, नसेल तर वारसांशी बोलायचं, आणि तेही नसतील तर कायद्यानं ज्याला अधिकार दिलाय त्याच्याकडून मूळ हेतूच्या शक्य तितक्या जवळचा पर्याय मंजूर करून घ्यायचा. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचं उदाहरण आमच्या विधी सल्लागारांनी परिषदेपुढे ठेवलं. १९६१ मध्ये रॉबर्टसन दांपत्याकडून त्या विद्यापीठाला साडेतीन कोटी डॉलरची देणगी मिळाली होती, मुख्यतः सरकारी सेवेत, विशेषतः परराष्ट्र व्यवहारात जाणारे पदवीधर घडवण्यासाठी. पैसा त्या हेतूसाठी वापरला जात नाही, असं म्हणत कुटुंबानं २००२ मध्ये दावा लावला. २००८ मध्ये तडजोड झाली तेव्हा विद्यापीठाला नव्या प्रतिष्ठानासाठी पाच कोटी डॉलर द्यावे लागले आणि कुटुंबाचा न्यायालयीन खर्च म्हणून आणखी चार कोटी. इतकी श्रीमंत संस्था, इतके निष्णात वकील, आणि वाद कशावरून, तर देणाऱ्याच्या मनात काय होतं यावरून. परिषदेतली कुरकुर त्या दिवसापासून कमी झाली.

मी त्या बाईंकडे स्वतः गेले. ऐंशी ओलांडलेल्या. दार त्यांनीच उघडलं. मी कोण, कशासाठी आले ते सांगितलं, माफी मागितली, आणि जमलेल्या व्याजाचा वर्षवार तक्ता त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो चष्मा लावून ओळीओळीनं वाचला. मग म्हणाल्या, "मला वाटलं, रक्कम फार कमी होती म्हणून कुणाला दिली नसेल."

इतकी वर्षं त्या बाई असं समजत होत्या की आपणच कमी पडलो. विद्यापीठातून एक पत्र कधी गेलं नाही, म्हणून.

त्यांनी रागावून बोलावं, असं मला मनापासून वाटत होतं. त्या रागावल्या नाहीत. सहलीचा खर्च आता किती येतो, मुली किती असतात, राहण्याची सोय नीट असते का, हे त्यांनी विचारलं. जमलेल्या व्याजातून त्या वर्षी एका ऐवजी सहा मुलींना पाठवायचं ठरलं. सहलीहून आल्यावर त्या सहाजणी बाईंना भेटायला गेल्या आणि वाळवलेल्या नमुन्यांचं एक पान घेऊन गेल्या. ते पान बाईंनी भिंतीवर लावलं, असं मुलींनी सांगितलं.

१७ पैकी १३ निधी पहिल्या वर्षात मार्गी लागले. आणखी दोन त्यानंतर. दोन राहिले, कारण त्यांची दानपत्रं सापडत नव्हती. त्या काळात मी कुणाकडेही काही मागितलं नाही, तरीही चार जुन्या देणगीदार कुटुंबांनी आपणहून मुद्दलात भर घातली. या कामाचा पाया काय असतो, ते मला पुस्तकातून नाही, त्या चार धनादेशांतून कळलं.

मग मागायची वेळ आली. पहिली भेट मी बिघडवली. एका उद्योजकांकडे गेले होते. आमचेच माजी विद्यार्थी. सोबत वास्तुविशारदाचे आराखडे, नव्या प्रयोगशाळा-इमारतीचं रंगीत चित्र, खर्चाचा अंदाज. मी अर्धा तास बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "इमारत उभी राहिल्यावर तिचं वीजबिल कोण भरणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अंदाजपत्रकात त्यासाठी जागा नव्हती, हे मला चांगलं ठाऊक होतं आणि तरीही मी इमारत मागायला गेले होते. विद्यापीठाचे प्रमुख इमारती का मागतात, हे मला तेव्हा कळलं. इमारत दिसते. तिच्यावर नाव कोरता येतं, उद्घाटन होतं, छायाचित्र निघतं. गळणारं छत, उद्वाहनाचा वार्षिक करार, रात्रपाळीचा पहारेकरी यांचं छायाचित्र निघत नाही. पण इमारत पुढची पन्नास वर्षं तीच मागत राहते.

परत आल्यावर आम्ही नियम केला: कोणत्याही इमारतीसाठी देणगी घेताना तिच्या देखभालीचा कायम निधी त्याच मागणीत धरायचा. नाही जमलं, तर इमारत नको. त्याच उद्योजकांकडे चार महिन्यांनी पुन्हा गेले ते छोटी इमारत आणि तिचा देखभाल निधी असा एकत्र प्रस्ताव घेऊन. त्या वेळी मी कमी बोलले. त्यांनी तासभर त्यांच्या काळातल्या एका प्रयोगशाळा सहायकाबद्दल सांगितलं, जो सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासाठी कुलूप उघडून बसायचा. प्रयोगशाळेला त्या सहायकाचं नाव द्यावं, ही त्यांची एकमेव अट होती. मी पंचवीस वर्षं आधी त्या विभागात गेलेली असते, तर मलाही तेच नाव सुचलं असतं.

कायम निधीचं गणित लोकांना समजावणं हा माझ्या कामाचा मोठा भाग झाला आणि मला ते शिकवण्याइतकंच आवडू लागलं. मुद्दलाला हात लावायचा नाही आणि उत्पन्नही सगळं खर्चायचं नाही, कारण महागाई दरवर्षी मुद्दलाची ताकद कुरतडते. म्हणून जगभरातली बरीच विद्यापीठं अशा निधीच्या मूल्याच्या चार ते पाच टक्केच रक्कम वर्षाला खर्च करतात, आणि तीही गेल्या काही वर्षांच्या सरासरीवर, म्हणजे बाजार एका वर्षी कोसळला तरी विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती कोसळत नाही. याचा सरळ अर्थ असा की एक शिष्यवृत्ती कायमची चालवायची तर तिच्या वार्षिक खर्चाच्या वीस ते पंचवीस पट रक्कम आधी बाजूला ठेवावी लागते. हा आकडा ऐकून लोक दचकतात. त्या कोऱ्या रकान्यांतली आटलेली पारितोषिकं याच गणिताकडे दुर्लक्ष झाल्यानं आटली होती. सगळं व्याज वाटून टाकलं, मुद्दल तेवढंच राहिलं, आणि तीस वर्षांत त्याचं मोल संपलं. मी दरवेळी ते उदाहरण देत असे.

पहिल्या मोठ्या मोहिमेत आम्हाला एक फटका बसला. अशा मोहिमेची एक जुनी रीत असते. आधी गाजावाजा न करता मोठ्या देणग्यांची बोलणी पुरी करायची, उद्दिष्टाचा निम्म्याहून अधिक भाग पक्का झाल्यावरच जाहीर घोषणा करायची. एकूण रकमेचा मोठा हिस्सा मोजक्या देणगीदारांकडून येतो, बाकी शेकडो लोक मिळून उरलेला भाग उचलतात. हे सगळं मी वाचलं होतं. तरी वर्धापनदिन जवळ आला, सगळ्यांचा आग्रह झाला, आणि एका मोठ्या देणगीदारानं दिलेला तोंडी शब्द धरून आम्ही घोषणा केली. दोन महिन्यांनी त्यांच्या व्यवसायात अडचण आली आणि शब्द मागे घेतला गेला. त्यांचा दोष नव्हता. लेखी करार, हप्त्यांच्या तारखा, काहीच झालेलं नव्हतं. जाहीर केलेला आकडा फलकावर होता आणि खाली जागा रिकामी. उद्दिष्ट कमी केल्याचं मी स्वतः अधिसभेत उभं राहून सांगितलं. ते सांगण्याआधीची रात्र मला चांगली आठवते. त्यानंतर सहीचं पत्र हाती आल्याशिवाय एकही नाव मी उच्चारलं नाही.

आणि एक देणगी मी नाकारली.

एका दात्यांना एक अध्यासन, म्हणजे देणगीच्या उत्पन्नातून चालणारं प्राध्यापकपद, स्थापन करायचं होतं. विषय चांगला, रक्कम भरघोस, कायम निधीचं गणितही त्यांना पटलेलं. मसुद्यात शेवटी एक ओळ होती: अध्यासनावरच्या प्राध्यापकाच्या निवड समितीत दात्यांचा एक प्रतिनिधी असेल आणि त्याची संमती आवश्यक राहील. मी त्यांना भेटले, समजावलं. निवड समितीच्या कामाचा वार्षिक अहवाल देऊ, दरवर्षीच्या व्याख्यानाला तुम्हाला बोलावू, विषयाची व्याप्ती एकत्र बसून ठरवू, पण व्यक्ती कोण हे शिक्षकच ठरवतील. ते म्हणाले, "पैसे माझे, मग माणूस कसा निवडला जातो हे मला का पाहता येऊ नये?"

प्रश्न उद्धट नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. मी त्यांना स्टॅनफर्ड विद्यापीठात घडलेलं सांगितलं. १९०० साली एडवर्ड रॉस नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांची मतं संस्थापक कुटुंबातल्या जेन स्टॅनफर्ड यांना खपली नाहीत आणि रॉसना जावं लागलं. निषेध म्हणून आणखी काही प्राध्यापकांनी राजीनामे दिले. त्यांतले एक, आर्थर लव्हजॉय, पुढे १९१५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेच्या संस्थापकांपैकी होते. शिक्षकाला निर्भयपणे शिकवता यावं यासाठी ही संघटना शतकाहून अधिक काळ काम करते आहे. ज्या प्राध्यापकाची खुर्ची कुणाच्या संमतीवर उभी असते, त्याच्या संशोधनावर वाचक विश्वास ठेवणार नाही, मग ते कितीही खरं असो. त्यातून दात्यांचंही काही साधणार नव्हतं.

त्यांनी ऐकलं आणि पटलं नाही असं सांगितलं. ते अध्यासन झालं नाही. त्या विषयाला आजही आमच्याकडे पूर्णवेळ प्राध्यापक नाही. याची मला खंत आहे आणि तोच निर्णय मी आजही घेईन. विद्या परिषदेपुढे मी हे सगळं ठेवलं तेव्हा देणगी स्वीकारण्याचं लेखी धोरण करायचं ठरलं. पैसा कुठून आला हे पाहायचं, नेमणूक, निकाल आणि प्रवेश यांत देणगीदाराला कोणताही हक्क नाही, आणि इमारतीला दिलेलं नाव कोणत्या परिस्थितीत काढता येईल तेही आधीच लिहायचं. २०१९ मध्ये टफ्ट्स विद्यापीठानं आपल्या वैद्यकीय विद्याशाखेवरचं सॅकलर कुटुंबाचं नाव काढलं, वेदनाशामक औषधांच्या व्यसनाच्या प्रकरणात त्या कुटुंबाच्या कंपनीचा वाटा पाहून. नाव लावतानाच असा विचार केलेला बरा.

याच सुमारास विद्या परिषदेत एक ज्येष्ठ प्राध्यापिका उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही देणगीदारांना जितक्या भेटता तितक्या आम्हाला भेटत नाही." सभागृह शांत झालं. त्या बरोबर होत्या. तेव्हापासून मी आठवड्याचे दोन दिवस बाहेरच्या कामासाठी ठेवले आणि उरलेल्या दिवशी कोणत्याही दात्यासाठी विद्यापीठ सोडलं नाही. दुसरं म्हणजे, मागायला एकटीनं जाणं बंद केलं. ज्या कामासाठी मागायचं ते काम करणारा शिक्षक बरोबर हवाच. मी विद्यापीठाबद्दल बोलू शकत होते, पण आपल्या कामाबद्दल बोलताना माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते उसनं आणता येत नाही.

त्यातूनच वनस्पतिसंग्रहाची गोष्ट घडली. या पाच वर्षांतलं मला सर्वांत जवळचं काम हेच.

आमच्या विभागात वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. जाड कागदावर शिवलेला नमुना आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: वनस्पतीचं नाव, कुठे सापडली, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. ही पानं कसर लागून चालली होती. कपाटं जुनी, हवेतला दमटपणा आवरणारी यंत्रणा नाही, छायाचित्रं काढून संगणकावर नोंद करायला माणूस नाही. दोन वर्षं मी प्रत्येक मोठ्या दात्यापुढे हा विषय काढला. वाळलेल्या पानांत कुणालाच रस वाटला नाही. मी त्यांना दोष देत नाही. शंभर वर्षांपूर्वी एखादं झुडूप कुठे उगवत होतं आणि आज का उगवत नाही, हे फक्त अशा पानांवरून कळतं, हे चार वाक्यांत पोचत नाही.

संग्रहाची जबाबदारी सांभाळणाऱ्या आमच्या तरुण सहकारी एका दुपारी दालनात आल्या. हातात एक पान. म्हणाल्या, "मॅडम, कोपरा बघा." चिठ्ठीवर माझं नाव होतं. पदव्युत्तर पहिल्या वर्षातल्या सहलीत मी तोडलेली, दाबून वाळवलेली, शिवलेली वनस्पती. अक्षर माझंच, कोवळं. नमुना वाळवताना पानं वेडीवाकडी होऊ नयेत म्हणून रात्रभर उठून उठून कागद बदलल्याचं एकदम आठवलं.

त्या पुढे म्हणाल्या, "असे शेकडो आहेत. यातले बरेच जण हयात आहेत."

मग आम्ही पत्रं लिहिली. छापील आवाहनं नाहीत. प्रत्येक पत्रासोबत त्या त्या माणसानं विद्यार्थीदशेत गोळा केलेल्या पानाचं छायाचित्र, त्याच्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी दिसेल असं. मजकूर चार ओळींचा: हे पान तुम्ही आणलंत, ते अजून जपलेलं आहे, त्याला कसर लागते आहे, एका पानाची दुरुस्ती आणि नोंद करायला इतका खर्च येतो. पत्ते शोधायला माजी विद्यार्थी संघानं मदत केली. पत्त्यांच्या या याद्या नीट ठेवणं किती मोलाचं असतं, हे तेव्हा कळलं. येल विद्यापीठानं १८९० मध्येच माजी विद्यार्थ्यांचा वार्षिक निधी सुरू केला होता. आमच्याकडे मात्र ही पत्रं पाठवताना संघाच्या वहीत निम्मे पत्ते जुने होते.

उत्तरं येऊ लागली ती थांबेचनात. कुणी एका पानाचा खर्च पाठवला, कुणी शंभर पानांचा. एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी लिहिलं की वनस्पतिशास्त्र सोडून चाळीस वर्षं झाली, पण त्या वनस्पतीचं लॅटिन नाव अजून तोंडपाठ आहे. एका गृहस्थांच्या मुलीनं लिहिलं की बाबा गेले, पण त्यांचं अक्षर पाहून आईनं छायाचित्र चौकटीत बसवलं, आणि सोबत धनादेश. एकानं नमुन्याची ओळख चुकली आहे हे कळवून दुरुस्ती सुचवली. ती बरोबर निघाली. दीड वर्षात कपाटं आली, हवा आवरणारी यंत्रणा आली, नोंदी करायला दोन मुली लागल्या. एकाही मोठ्या देणगीशिवाय.

मोठ्या देणग्यांना मी कमी लेखत नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि ग्रंथालय प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभे राहिले आणि पिढ्यांना पुरले. पण छोट्या देणगीतून दुसरं काही येतं. १९९५ मध्ये मिसिसिपीतल्या ओसिओला मॅकार्टी या धोबीण बाईंनी आयुष्यभर कपडे धुऊन साठवलेल्या पैशांतले दीड लाख डॉलर तिथल्या विद्यापीठाला शिष्यवृत्तीसाठी दिले. मावशीच्या आजारपणामुळे त्यांची स्वतःची शाळा सहावीतच सुटली होती. विद्यापीठाला अशी माणसं मिळतात, ती विद्यापीठ आपलं वाटतं म्हणून. त्या माणसांपुढे हिशेब ठेवताना माझा हात जास्त जपून चालत असे.

या काळात एका सहकाऱ्यानं मला विचारलं होतं, या सगळ्यात विद्यापीठ चालवणं कुठे राहिलं? मी त्यांना म्हटलं, मागायला गेल्यावर प्रत्येक वेळी मला सांगावं लागलं की आमचं विद्यापीठ कशासाठी आहे. इमारत का, अध्यासन कुणाच्या हातात, वाळलेली पानं का जपायची. याची उत्तरं आमच्याकडे तयार नव्हती. ती आम्ही परिषदेत भांडून, विभागांत बसून शोधली. पाच वर्षांत विद्यापीठाच्या दिशेबद्दल झालेली सगळ्यात मोकळी चर्चा देणगीच्या मसुद्यांवर झाली.

सहलींच्या निधीच्या बाई माझ्या चौथ्या वर्षी गेल्या. त्यांच्या भाच्यानं फोन केला. भिंतीवरचं ते पान परत घ्याल का, असं विचारलं. आम्ही ते घेतलं. नमुना व्यवस्थित होता, चिठ्ठीवर सहाही मुलींची नावं होती. आता ते संग्रहात आहे, नोंदणी क्रमांकासह.

पदभार सोडण्याच्या आठवड्यात नव्या कुलगुरूंना मी ती नोंदवही दाखवली. ८१ निधी झाले होते. प्रत्येकासमोर दात्याचं किंवा वारसाचं नाव, शेवटचं पत्र कधी गेलं ती तारीख, आणि त्या वर्षी कुणाला काय मिळालं ते. दोन ओळी अजून पेन्सिलीनं लिहिलेल्या होत्या. त्या दोन निधींची दानपत्रं मिळाली नव्हती. एकाच्या दात्याचं कुटुंब दुसऱ्या देशात गेल्याचं कळलं होतं, तिथवर शोध पोचला होता. दुसऱ्याचा काहीच माग नव्हता. कोणत्या कपाटातल्या कोणत्या फाइली बघून झाल्या आहेत आणि कोणत्या राहिल्या आहेत, ते मी त्यांना एका कागदावर लिहून दिलं.